आधी चहा आरोपीला

आमच्या हैदराबादच्या कुकटपल्लीतल्या सोसायटीत चोर नव्हते. चोऱ्या व्हायच्या. कुणाची चप्पल जायची, कुणाचं पार्सल जायचं, एकदा तर एका घरासमोरचं कढीपत्त्याचं झाड कुंडीसकट गेलं. पण चोर मात्र एकही नव्हता. वकीलम्मांनी तो होऊच दिला नाही.

त्यांचं खरं नाव शकुंतला गायकवाड. ते फक्त दारावरच्या पाटीला आणि गॅस एजन्सीला माहीत होतं. घराणं नांदेडचं, पण वडील रेल्वेत, त्यामुळे त्या वाढल्या सिकंदराबादच्या रेल्वे क्वार्टरमध्ये, शाळा शिकल्या नारायणगुड्याला, आणि पुढे सरकारी वकील झाल्या. बुटक्या, गुटगुटीत, अंगावर कडक खळीची सुती साडी आणि पायात पळायचे बूट. आवाज असा की दुसऱ्या मजल्यावरून कुजबुजल्या तरी गेटवरचा वॉचमन उठून उभा राहायचा. वकील म्हणून तेलुगू शेजाऱ्यांनी त्यांना आधी 'वकीलम्मा' म्हटलं, मग आम्हा मराठी लोकांनीही तेच नाव उचललं. त्यांचे यजमानसुद्धा कधीकधी चुकून त्यांना वकीलम्माच म्हणायचे. निदान ते तरी 'चुकून' असं सांगायचे.

आता सरकारी वकील म्हणजे उभी हयात लोकांकडे बोट दाखवण्यात गेलेली बाई. निवृत्तीनंतर अशी माणसं घरच्यांना आणि शेजाऱ्यांना धारेवर धरतात असा आपला अनुभव. वकीलम्मांचं उलटंच झालं. नोकरी सुटली आणि त्यांनी पक्षच बदलला. ज्याच्याकडे बोट जाईल त्याच्या बाजूला जाऊन उभ्या राहायच्या. आधी बोट खाली घ्यायला लावायच्या आणि मग विचारायच्या, "हं, आता बोला. काय झालंय?"

आम्ही पुण्याहून नुकतेच इथे राहायला आलो होतो तेव्हाची गोष्ट. सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सेक्रेटरी रेड्डीगारूंनी (गारू म्हणजे इथलं आदराचं 'साहेब') कॅमेऱ्यातला एक फोटो टाकला. लिफ्टजवळ टोपी घातलेला एक माणूस, हातात खोकं. खाली लिहिलं होतं, 'चोर सापडला! पार्सल चोर!' पाठोपाठ लाल तोंडाच्या रागीट चेहऱ्यांची रांग लागली. नव्या सोसायटीत आपलंही काही योगदान असावं म्हणून मीही एक चेहरा टाकला. तेवढ्यात एक ध्वनिसंदेश आला. मागे कुकरच्या शिट्ट्या आणि पुढे हा आवाज.

"कोण चोर म्हणायलंय? रेड्डीगारू, चोर कैसा बोले तुम? फोटोत एक माणूस खोकं घेऊन चाललाय, एवढंच दिसायलंय. माणसानं खोकं घेऊन चालू नये का? संशयित म्हणा. फार तर संशयित. चोर बोलना नक्को!"

मग कुकरची आणखी एक शिट्टी झाली आणि संदेश संपला. संध्याकाळपर्यंत उलगडा झाला. टोपीवाला रेड्डीगारूंचा सख्खा मेहुणा निघाला. वरंगळहून आला होता आणि बहिणीच्या सांगण्यावरून गेटवरचं तिचंच पार्सल वर नेत होता. रेड्डीगारूंनी निमूटपणे फोटो पुसला. त्यावर वकीलम्मांनी सगळ्यांना कळवलं, "संशयिताला आता मेहुणा म्हणायला हरकत नाही."

दुसऱ्या दिवशी जिन्यात त्या मला भेटल्या. मी ओळख करून द्यायच्या आत त्यांनी विचारलं, "ते लाल तोंडाचं तूच टाकलंस ना गं पोरी?" मी मान खाली घातली. तशी त्यांनी मला तिथेच, पायरीवर बसवून शिकवणी घेतली. बोट दाखवलं की माणूस संशयित. कागदावर नाव चढलं की आरोपी. त्यांच्या लहानपणी हैदराबादच्या कोर्टातले जुने लोक त्यालाच मुलजिम म्हणायचे. "आणि खबरदार मुलजिमाला मुजरिम म्हणशील तर. मुजरिम म्हणजे ज्याचा गुन्हा शाबीत झाला तो. या दोन शब्दांच्या मध्ये अख्खं कोर्ट उभं असतंय, समजलं का? शिक्षा झाली की कैदी. आणि सुटून आला की काय?"

"माजी कैदी?" मी अंदाज केला.

"शेजारी!" वकीलम्मा कडाडल्या. "कुठंतरी राहणारच ना तो?"

हे शब्द हळूहळू सगळ्या इमारतीत झिरपले. माझी मुलगी इथल्या शाळेत वाढली. तिला मराठी वाचताना घाम फुटतो, एकोणसाठ आणि एकोणसत्तर यांतला फरक तिला आजही माझ्या चेहऱ्यावरून ओळखावा लागतो. पण दूध सांडलं की ती स्वच्छ मराठीत सांगायची, "आई, मी फक्त संशयित आहे. आरोपी म्हणायचं असेल तर पुरावा दे." सासूबाई पुण्याहून आल्या तेव्हा तिचं हे मराठी ऐकून त्यांना भरून आलं. कुठल्या वर्गात हे शिकवतात, असं त्यांनी विचारलं. तळमजल्यावरच्या टग्या बोक्याला तर सगळे 'संशयित'च म्हणायचे. त्याचं बारसं कुणी केलं ते सांगायला नकोच.

दर रविवारी सकाळी वकीलम्मांच्या गॅलरीत सुनावणी असायची. म्हणजे तसं काही ठरलेलं नव्हतं, पण सोसायटीतली भांडणं आपोआप तिकडे जायची. गॅलरीत तीन स्टुलं आणि वेताची एक खुर्ची. त्या खुर्चीवर मऊ उशी, आणि उशीवर वकीलम्मांनी स्वतः विणलेला अभ्रा. पहिल्यांदा गेलेला माणूस वाकून म्हणायचा, "बसा ना मॅडम, तुमची खुर्ची." त्यावर त्या म्हणायच्या, "माझी कशाची? ती आरोपीची." खुर्ची आरोपीला, स्टूल तक्रारदाराला, आणि चहासुद्धा आधी आरोपीला. सोबत उस्मानिया बिस्किटं. आरोपीनं पहिला घोट घेतल्याशिवाय तक्रारदारानं तोंड उघडायचं नाही, असा नियम.

आमच्या पुणेरी डोक्याला हे काही झेपेना. मी एकदा विचारलंच, की ज्याचं नुकसान झालंय तो स्टुलावर, आणि ज्याच्यावर आळ आहे त्याची ही बडदास्त? त्या म्हणाल्या, "ज्याच्याकडे दहा लोक बोट दाखवायलेत त्याचे पाय लटपटतात गं. जीभ कोरडी पडती. मग तो खरं असलं तरी खोट्यासारखं बोलतो. त्याला आधी बसव, त्याचा घसा ओला कर, मग विचार. तक्रार करणाऱ्याचं काय, त्याला रागाचं बळ असतंय. तो एका पायावर पण उभा राहतो."

या पद्धतीत एक मोठी खोट होती आणि ती सर्वांत आधी पोरांनी हेरली. एकदा क्रिकेटच्या चेंडूनं रेड्डीगारूंच्या खिडकीची काच फुटली. रविवारी गॅलरीत बघते तर आरोपींची रांग! ज्यानं फटका मारला तो होता, ज्यानं चेंडू टाकला तो होता, यष्टिरक्षक होता, आणि त्या दिवशी तापानं अंथरुणात पडलेला एक मुलगाही आईची शाल पांघरून आला होता. प्रत्येक जण शपथेवर सांगत होता की काच मीच फोडली. वकीलम्मांनी बिस्किटांची बरणी उचलून कपाटात ठेवली. "कबुलीजबाब आमिषानं दिलेला आहे, ग्राह्य नाही," असा निकाल दिला. तशी रांग दोन मिनिटांत पांगली. तापातला मुलगा तेवढा थांबला, कारण त्याला खरंच भूक लागली होती.

या न्यायालयाचा कायमचा आरोपी मात्र घरातच होता. गायकवाडसाहेब, म्हणजे वकीलम्मांचे यजमान, रेल्वेत गार्ड होते. उंच, सडसडीत, अबोल माणूस. रविवारी चहा करायचं काम त्यांच्याकडे. त्यांना मधुमेह होता आणि जिलबीचं वेड होतं, आणि ही दोन्ही एका माणसात आली की काय होतं ते वेगळं सांगायला नको. ते भाजी आणायला गेले की परत येईपर्यंत वकीलम्मा गॅलरीत उभ्या. ते आले की त्यांना खुर्चीवर बसवायच्या, स्वतः चहा करून द्यायच्या, बिनसाखरेचा, आणि उलटतपासणी सुरू.

"मिशीला पाक कुठून आला?"

"दव पडलं असेल."

"एप्रिलात?"

"मी गप्प राहण्याचा हक्क बजावतो," असं म्हणून गायकवाडसाहेब शांतपणे चहा प्यायचे. शिक्षा ठरलेली. आठवडाभर कारलं. पण त्यांनाही त्या कधी खोटारडा म्हणाल्या नाहीत. 'आमच्या घरचे मुलजिम' म्हणायच्या, आणि ते म्हणताना आवाजात एवढी माया असायची की आपल्यालाही कुणीतरी मुलजिम म्हणावं असं वाटायचं.

त्यांना हे वेड लागलं कसं, ते त्यांनी मला एकदाच सांगितलं. आम्ही सिकंदराबादच्या बाजारात छत्री घ्यायला गेलो होतो. एका दुकानासमोर त्या एकदम थबकल्या आणि मला ओढत दुसऱ्या गल्लीत शिरल्या. पुढे गेल्यावर म्हणाल्या, तिथे एक माणूस उभा होता, त्याच्यावर त्यांनी खटला चालवला होता. कोर्टानं त्याला निर्दोष सोडलं. पुष्कळ वर्षांनी तो भेटला तेव्हा त्यांनी विचारलं, कसं चाललंय. तो म्हणाला, गल्लीत अजून मला 'वो केसवाला' म्हणतात मॅडम. पोरीचं लग्न मोडलं त्यापायी. "कोर्टात मी ती केस हरले," वकीलम्मा म्हणाल्या, "आणि त्याच्या गल्लीत जिंकले. बघ काय जिंकलं मी." मग त्यांनी छत्री घेतली, दुकानदाराशी यथास्थित हुज्जत घातली. मला त्या दिवशी त्यांच्याबद्दल फार वाटलं.

आता यादगिरीचं प्रकरण सांगते, कारण ते सांगितल्याशिवाय वकीलम्मा पुऱ्या होत नाहीत.

यादगिरी आमचा इस्त्रीवाला. जिन्याखालच्या मोकळ्या जागेत त्याचं टेबल, कोळशाची इस्त्री आणि दिवसभर गाणारा एक रेडिओ. कपडे कधी मिळतील असं विचारलं की तो हसून "रेपु" म्हणायचा, म्हणजे उद्या. पण हात मात्र सोन्याचा. सिकंदराबादला त्याच्या मेहुण्याकडे साड्यांना पॉलिश करायचं मशीन होतं. यादगिरी जुनी साडी तिकडे नेऊन आणायचा. ती पारदर्शक पिशवीत घडी घालून परत आली की दुकानातून आत्ताच आणल्यासारखी दिसायची. त्या जिन्याखालच्या जागेवर त्याचं अख्खं घर चाललं होतं.

तिसऱ्या मजल्यावरच्या साठेकाकूंनी त्याच्याकडे एक साडी पॉलिशला दिली. साठेकाकू मूळच्या पुण्याच्या, मुलाच्या नोकरीपायी इथे आलेल्या. साडी नारायणपेठी, वांगी रंगाची, त्यांच्या थोरल्या बहिणीनं घेतलेली. बहीण आता नव्हती. काही महिन्यांनी भाच्याच्या लग्नासाठी काकूंनी कपाट उघडलं तर साडी नाही. यादगिरी म्हणाला, मी केव्हाच घरी आणून दिली. काकू म्हणाल्या, मुळीच नाही. सूनबाई मंजिरीला काही आठवेना, कारण तेव्हा तिचे दिवस भरत आले होते. विषय धुमसत राहिला.

आणि मग बतुकम्मा आली. नवरात्रात इथल्या बायका फुलांचा उंच ढीग रचतात, त्याच्याभोवती फेर धरून टाळ्या वाजवत गाणी म्हणतात. सोसायटीच्या अंगणात आम्हीही दरवर्षी त्यात घुसायचो. मराठी बायका भोंडल्याच्या चालीवर, तेलुगू बायका त्यांच्या चालीवर, आणि वकीलम्मा दोन्ही चालींच्या बाहेर, पण सगळ्यांच्या वर. त्या फेरात यादगिरीची बायको लक्ष्मम्मा होती. तिचा पदर फिरता फिरता साठेकाकूंच्या समोर आला आणि काकू फेर सोडून किंचाळल्या, "माझी साडी! हे रफू माझं आहे! माझ्या हातचं रफू आहे हे!"

टाळ्या थांबल्या. लक्ष्मम्मा बावरून पदर गोळा करत घरी पळाली. रेड्डीगारूंनी तिथल्या तिथे जाहीर केलं की यादगिरीनं जिन्याखालची जागा रिकामी करावी. कुणी 'बरोबर आहे' म्हणालं, कुणी 'पोलिसांत द्या' म्हणालं. फुलांच्या ढिगापाशी वकीलम्मा कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. "सुनावणीशिवाय एक कोळसा इथून हलणार नाही," त्या म्हणाल्या. "रविवारी. खालच्या हॉलमध्ये."

रविवारी हॉल खचाखच भरला. वेताची खुर्ची खाली आणली होती. त्यावर यादगिरी अंग चोरून बसला होता. गायकवाडसाहेबांनी त्याला पहिला चहा दिला. तो त्यानं हातात धरला, पण प्यायला नाही. समोर स्टुलावर साठेकाकू, त्यांच्या मांडीवर नात, मागे मंजिरी. लक्ष्मम्मा भिंतीला टेकून उभी होती आणि ती साडी तिच्या हातात घडी करून होती.

वकीलम्मांनी विचारायला सुरुवात केली. साडी घेतली होती का? "हौ अम्मा." पॉलिश केली का? "हौ." परत दिली का? "दिया अम्मा. घरकू जाके दिया." सगळं कसं सरळ चाललं होतं. मग त्यांनी विचारलं, "मग लक्ष्मम्माकडे ही कुठून आली?"

यादगिरी गप्प.

"बोल ना बाबा. भिऊ नको. कुठून आली?"

यादगिरीनं एकदा त्यांच्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. हॉलमध्ये कुजबुज सुरू झाली. मागून कुणीतरी, चांगलं ऐकू येईल असं, "दोंगा" म्हणालं. दोंगा म्हणजे तेलुगूत चोर. आम्ही सगळ्यांनी सवयीनं वकीलम्मांकडे पाहिलं. आता त्या कडाडणार. पण त्या कडाडल्या नाहीत. त्यांनी चष्मा काढला, पदरानं पुसला, पुन्हा लावला आणि यादगिरीकडे नुसत्या बघत राहिल्या. त्या गप्प राहिल्या याचाच मला धक्का बसला.

तेवढ्यात भिंतीला टेकलेल्या लक्ष्मम्माचा बांध फुटला. "चेप्पवेंदय्या! अम्मने इच्चिंदि गदा!" ती नवऱ्यावर ओरडली. सांगत का नाहीस, अम्मांनीच तर दिली ना! मग वकीलम्मांकडे वळून ती हिंदीत म्हणाली, "हमारी बच्ची की शादी में तुमेच दिये ना अम्मा! नारियल के साथ, पिशवी में!"

"मी?" वकीलम्मा म्हणाल्या. नंतर हळूच साठेकाकूंकडे वळल्या. "साठेबाई, या नातीच्या बारशाला तुम्ही मला साडी दिलीत. बाळंतपणात मंजिरीला मी दवाखान्यात नेलं म्हणून. आठवतंय?"

"आठवतंय ना."

"कोणती साडी होती ती?"

"आता ते कोण बघतं? देण्याघेण्याच्या कप्प्यातली वरची उचलली. चांगली नवी कोरी, पिशवीतली..." आणि साठेकाकू तिथेच थांबल्या. त्यांचं तोंड उघडंच राहिलं.

मागून मंजिरीचा बारीक आवाज आला. "आई, यादगिरीनं पिशवी आणून दिली ती मीच त्या कप्प्यात ठेवली होती बहुतेक. मला वाटलं, नवीच आहे."

वकीलम्मांनी कपाळावर हात मारला. "आणि मी ती न उघडता माझ्या कप्प्यात टाकली. आणि तिथून न उघडता लक्ष्मम्माला दिली!"

देण्याघेण्याच्या साड्यांचा कप्पा कुठल्या मराठी घरात नसतो? एका घरातून ओटीत आलेली साडी पिशवीतच विसावते आणि पिशवीतूनच पुढच्या घरी रवाना होते. ती नेसायची असते हे कुणाच्या ध्यानीमनीही नसतं. ही साडी तीन घरं फिरली, आणि पिशवी उघडायचं पाप एकट्या लक्ष्मम्मानं केलं. हे सगळ्यांच्या डोक्यात शिरायला जरा वेळ लागला. पहिल्यांदा हसल्या साठेकाकू. हसता हसता रडल्या, मांडीवरची नात घाबरून रडायला लागली, रेड्डीगारूंना तेलुगूत समजावून सांगावं लागलं, त्यामुळे ते सगळ्यांच्या नंतर एकटेच हसले.

रेड्डीगारूंनी विचारलं, तू आधीच का नाही सांगितलंस? यादगिरी म्हणाला, "सबके सामने अम्मा का नाम कैसा लेतूं साब? नाम लिया तो अम्माकोच पकडते ना तुम लोगां."

हे ऐकून वकीलम्मा उठल्या. यादगिरीला हाताला धरून उठवलं आणि स्वतः त्या वेताच्या खुर्चीत बसल्या. "आता आरोपी मी. दुसऱ्याचा माल जवळ बाळगला आणि पुढं वाटला. चालवा खटला."

पण चालवणार कोण? सगळे एकमेकांकडे बघायला लागले. तेव्हा गायकवाडसाहेबांनी चहाचा ट्रे खाली ठेवला, मिशीवरून हात फिरवला आणि सावकाश येऊन वकीलम्मांच्या जागी बसले. एवढा आनंदी चेहरा मी त्यांचा कधी पाहिला नव्हता. माणूस कित्येक वर्षं या दिवसाची वाट बघत होता.

"मुलजिम शकुंतला," ते गंभीरपणे म्हणाले, "साडी घेताना उघडून बघितली होती का?"

"नाही."

"देताना?"

"नाही."

"घरी नवऱ्याच्या मिशा मात्र रोज उघडून बघता." हॉल हशानं दणाणला. "हे न्यायालय तुम्हाला संशयाचा फायदा देऊन सोडत आहे. खटल्याचा खर्च म्हणून न्यायाधीशांना एक जिलबी देण्यात यावी."

"अर्धी," वकीलम्मा म्हणाल्या.

"हा कोर्टाचा अवमान आहे. दोन!"

यादगिरीची जागा राहिली. रेड्डीगारूंनी स्वतः त्याची माफी मागितली आणि त्याच दिवशी चार पँटी इस्त्रीला दिल्या, दुसऱ्या दिवशी वकीलम्मांच्या साड्याही आल्या. लक्ष्मम्मानं नारायणपेठी परत केली, पण त्याबदल्यात साठेकाकूंना दुकानात नेऊन स्वतःच्या पसंतीची साडी घ्यायला लावली आणि दुकानदाराला सांगितलं, "पिशवी नक्को, नेसूनच जाते." आणि त्या वर्षीपासून आमच्या सोसायटीत कुणीही कुणाला साडी दिली की आधी दोघी मिळून ती उलगडून बघतात. बघताना वास घेतात, रफू शोधतात. बारशाला आलेली माणसं ताटकळतात.

नंतर गायकवाडसाहेबांचे गुडघे दुखायला लागले आणि त्या दोघांनी नांदेडला वकीलम्मांच्या भावाच्या शेजारी राहायला जायचं ठरवलं. सामानाचा ट्रक पुढे गेला. निघायच्या सकाळी साहेब गाडीत बसले होते आणि मी वकीलम्मांची एक पिशवी घेऊन जिन्याखाली उभी होते. यादगिरी कुणाच्या तरी शर्टाला इस्त्री करत होता. वकीलम्मा त्याच्यासमोर जाऊन थांबल्या. नेहमी त्याला 'अरे यादगिरी' म्हणणाऱ्या बाई त्या दिवशी 'यादगिरीगारू' म्हणाल्या. तो दचकलाच.

"त्या दिवशी हॉलमध्ये," त्या म्हणाल्या, "तू गप्प राहिलास ना, तेव्हा मनातल्या मनात मी तुला चोर म्हणाले होते. इतकी वर्षं दुसऱ्यांना म्हणू दिलं नाही आणि मीच म्हणाले. तुला माहीत नाही म्हणून सांगायलेय. सांगितल्याशिवाय जाववत नाही मला."

यादगिरीनं इस्त्री होती तिथेच टेकवली. "मालूम है अम्मा," तो म्हणाला. "सुना मैं."

"काय ऐकलंस? मी तर काहीच बोलले नाही."

"वोइच सुना अम्मा. लोगां दोंगा बोले, और तुम कुछ नै बोले."

वकीलम्मांचे डोळे भरले, मग वाहायला लागले, आणि त्यांनी ते पुसलेही नाहीत. यादगिरी म्हणाला, "दूसरे दिन साडियां भेजे ना तुम. मैं इस्त्री किया. बस ना अम्मा."

त्यांनी त्याच्यापुढे हात जोडले. त्यानं घाबरून त्यांचे हात खाली केले. साहेबांनी हॉर्न वाजवला तशा त्या वळल्या, माझ्या गालाला हात लावला आणि गाडीत बसल्या. यादगिरी त्यांच्यामागे चार पावलं गेला आणि गेटकडे बघत हात हलवत राहिला. गाडी वळणावर पोचली, आणि तेवढ्यात खिडकीतून वकीलम्मांचं डोकं आणि अर्धं धड बाहेर आलं. चेहरा पुरता ओला, एक हात आमच्याकडे रोखलेला, आणि आवाज मात्र तोच, अख्खी इमारत उठवणारा.

"अरे यादगिरी, शर्ट! पोरी, बघ ना गं मागं! अरे शर्ट जळायलाय!"